कणकेनं बुजवलेला बॉक्स

मला कधीच काही ऐकू येत नव्हतं असं आमच्या आळीत सगळे समजतात, आणि आई अजून तसंच सांगते. कुणी बाई तिला भेटायला आली की ती खाटेवरून माझ्याकडे बोट करून म्हणते, "जन्माचीच भैरी हाय." तिच्या ओठांवरून मला ते स्वच्छ वाचता येतं. हे खोटं आहे. माझ्या उजव्या कानात थोडं होतं. ते थोडं म्हणजे काय काय होतं ते मी आता लिहून ठेवणार आहे, कारण उद्या मी मेले की ते कुणालाच माहीत असणार नाही आणि आईचं म्हणणं तेवढं खरं म्हणून मागे उरेल. ते मला चालणार नाही. पन्नाशीला टेकलेल्या बाईनं एवढा राग धरू नये म्हणतात. म्हणोत.

आमचं घर दौंडहून पाटसकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला होतं, अजूनही आहे. मागच्या अंगाला रूळ. बारीक आवाज माझ्या वाट्याला कधी आलेच नाहीत. पाखरं, बांगड्या, शेळीच्या गळ्यातली घंटा, पोरींची कुजबुज, यातलं मला काही माहीत नाही. जाड आवाज मात्र यायचे. जड मालगाडी आमच्या मागून जायची तेव्हा आधी भुईतून आणि मग कानातून यायची. कारखाना सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर यायचे. जत्रेतला मोठा ढोल यायचा, आमच्या लोकांचा, बिरोबापुढं वाजवतात तो. सकाळी आई काठवटीत भाकरी थापायची, त्याचे दणके यायचे. मी चुलीशेजारी बसून ते ऐकत राहायची आणि ज्वारीची गरम भाकरी, वर मिरचीचा खर्डा आणि तेलाची धार असं हातात पडलं की तिथंच खायची. आणि आईचा आवाज यायचा. माणसांच्या आवाजांपैकी मला तेवढाच एक यायचा.

आईचा आवाज जाड आणि घोगरा होता. बाप्याचा आवाज म्हणून बायका तिला हसायच्या, त्यामुळे चारचौघीत ती फार बोलायची नाही आणि सगळं बोलणं घरी येऊन माझ्यावर काढायची. "सुमे, कुठं मेलीस?" "सुमे, हात मोडलं का तुझं?" माझं नाव सुमन. ते मी आईच्या तोंडून सोडून दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. इतर पोरींना आईच्या आवाजातलं काय काय आठवत असेल, मला शिव्या आठवतात. पण त्या कानानं ऐकलेल्या आहेत. ती मागून ओरडली की मी वळायची, आणि वळले की तिला वाटायचं, पोरगी अगदीच काही गेलेली नाही. मला तर त्याहून मोठं काहीतरी वाटायचं. अख्ख्या जगात एक माणूस मला पाठीमागून हाक मारू शकत होतं.

या प्रकरणात जी बोलणी येतील त्यातली आईची बरीचशी मी ऐकलेली आहेत, बाकीच्यांची ओठांवरून वाचलेली. ओठ वाचण्यात मी सहसा चुकत नाही. चुकत असते तर जास्त सुखात राहिले असते.

वडील मी लहान असतानाच गेले. त्यांच्या वडिलांपर्यंत आमच्याकडे मेंढरं होती, वडिलांनी ती विकून हा जमिनीचा तुकडा घेतला आणि मग फार दिवस तो कसायला राहिले नाहीत. आईला उरला तो दादा. विलास त्याचं नाव, आई त्याला इलास म्हणायची. घरातलं दूध दादाला, अंडं दादाला, सुती गादी दादाला. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती, घरोघरी तेच होतं. दादाही काही वाईट नव्हता. माझ्याशी बोलायचा तेव्हा समोर येऊन, तोंड उजेडाकडे करून बोलायचा. एवढी अक्कल आमच्या मास्तरांनाही नव्हती.

मी सोळासतरा वर्षांची असताना दौंडला कानाची तपासणी करणारं शिबिर आलं. आई आणि दादा मला घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते, त्यांनी कानात नळ्या घातल्या, माझ्या हातात एक बटण दिलं, ऐकू आलं की दाब म्हणाले. जाड आवाजाला मी दाबत राहिले. शेवटी त्यांनी कानामागे लावायचं मातीच्या रंगाचं मशीन दिलं आणि आईला सांगितलं. दादा माझ्यासमोर तोंड करून ते मला परत सांगत होता, म्हणून मला शब्दन् शब्द माहीत आहे. उरलंय तेवढं जपा. मोठ्या आवाजाजवळ हिला नेऊ नका. हे उरलंय म्हणून मशीनचा उपयोग, हे गेलं की मशीन नुसतं प्लास्टिक. आईनं मान डोलावली. परत येताना तिनं मला उसाचा रस पाजला आणि रस्त्यानं सारखी माझ्या मागे राहून हळू आवाजात "सुमे, सुमे" करत मी वळते का ते बघत होती. मी प्रत्येक वेळी वळत होते. त्या रस्त्यावर आई हसली होती, हे मी नाकारत नाही.

त्याच सुमारास दादानं रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांना टेप बसवायचं काम सुरू केलं. माणसं भरून वडाप करणाऱ्या जीपा, ट्रक, कारखान्याच्या साहेबांच्या गाड्या. मग गाडीत नुसता टेप असून भागेना, बेस पाहिजे झाला. बेस म्हणजे तो छातीत बसणारा धक्का. त्यासाठी मोठा वूफर, म्हणजे जाड आवाजाचा स्पीकर, लागतो आणि वूफर नुसता ठेवून चालत नाही, त्याला लाकडाचा बॉक्स लागतो. दाबलेल्या भुशाच्या जाड पाट्या कापायच्या, एका पाटीला गोल भोक पाडून त्यात वूफर बसवायचा, बाकीच्या पाट्या गोंद लावून, स्क्रू मारून चहूकडून बंद करायच्या. कुठूनही हवा जाता कामा नये. एका सांध्यातून जरी हवा निसटली तरी धक्का मरतो आणि नुसती फडफड उरते. दादा सांध्यांतून भुसा आणि गोंद कालवून भरायचा, वर लांबी, म्हणजे रंगारी भिंतीच्या भेगांत भरतात तो लगदा, ओढायचा, आईची उदबत्ती पेटवून सांध्यासांध्याशी धरायचा आणि धूर कुठं थरथरतो ते बघायचा. आईला देवाच्या उदबत्त्या अशा जाळलेल्या आवडायचं नाही, पण इलासला कोण बोलणार.

दादानं पहिला बॉक्स तयार केला आणि शेडमध्ये लावून बघितला, त्या दुपारी मी लसूण सोलत दारात बसले होते. मशीन कानाला होतं. आणि आवाज आला. धप, धप, मग थोडं थांबून धपधप, मग परत तेच. ढोल मी ऐकला होता, पण ढोल दूर असतो आणि वर्षातून एकदा असतो. हे माझ्या घरात होतं आणि त्याच्यात काहीतरी वळत होतं, खाली जात होतं, वर येत होतं. मी उठून बॉक्सपाशी गेले, दोन्ही हात त्याच्यावर टेकवले. दादा बघत होता. त्यानं विचारलं, "येतंय?" मी म्हणाले, येतंय, पण इथून वारा लागतोय, आणि खालच्या सांध्यावर बोट ठेवलं. त्यानं उदबत्ती धरली तर धूर स्थिर. त्यानं मला वेड्यात काढलं. मग सांधा खरवडला तर आत केसाएवढी फट निघाली.

तेव्हापासून मी शेडमध्ये कामाला लागले. बॉक्स झाला की आवाज बारीक ठेवून मी त्याच्यावर हात फिरवायची. कुठली पाटी ढिली आहे, कुठला स्क्रू कुरकुरतो, कुठून हवा जाते, सगळं तळहाताला कळायचं. लोकांत ते पसरलं. भैरीच्या हातची तपासणी म्हणून ड्रायव्हर मुद्दाम बघायला यायचे. बघायला येणाऱ्यांचं बघणं कसं असतं ते मला चांगलं माहीत होतं. कुणी माझ्या मागे उभा राहून थाळी आपटायचा, कुणी पायाशी फटाका लावायचा, मी दचकते का बघायला. जे बोलायला जीभ रेटू नये ते माझ्यासमोर बोलायचे आणि मी हसतमुखानं बॉक्स पुसत त्यांचे ओठ वाचायची. दादा कधी कधी त्यांना हाकलायचा. गिऱ्हाईक मोठं असेल तर नाही हाकलायचा. संध्याकाळी सगळे गेले की तो माझ्यासाठी एक कॅसेट लावायचा, आवाज बारीक, आणि मी बॉक्सला गाल लावून बसायची. आई भाकरीला बोलवायला यायची आणि दारातूनच म्हणायची, "सुमे, त्या खोक्याशी लगीन लावू का तुझं?" मी वळायची. ते दिवस माझे होते, नंतर काहीही झालं असलं तरी.

आता भैय्या. शिरूरकडच्या एका मोठ्या बागायतदाराचा मुलगा, घरात सोसायटी, घरात सरपंचकी, अंगात मस्ती. त्याची पांढरी जीप होती. शिरूरच्या अलीकडे एका गावात बिरोबाची जत्रा भरते, आणि त्या काळी तिथं गाड्यांची एक चुरस लागायची. देवळातला पुजारी पितळेची थाळी भंडाऱ्यानं, देवाच्या हळदीनं, शिगोशीग भरायचा आणि ती गाडीच्या टपावर ठेवायची. गाडीच्या काचा बंद, आत बेस पूर्ण सोडलेला. एक गाणं संपेपर्यंत थरथरीनं ज्याच्या थाळीतला भंडारा सांडून थाळी रिकामी होईल त्याचा भंडारा देवानं घेतला म्हणायचे. देव आधी ढोलानं खूश व्हायचा, आता वूफरनं होऊ लागला, देवाला सांगतं कोण. भैय्याला त्या जत्रेत आपलीच थाळी रिकामी व्हायला पाहिजे होती. दादाला तर भैय्यापेक्षा जास्त पाहिजे होती. ती थाळी रिकामी झाली की शिक्रापूरपासून दौंडपर्यंतच्या गाड्या आपल्या शेडपाशी लागणार, हे तो जेवताना, झोपताना, आईला सारखं सांगत होता. आई ऐकून घ्यायची आणि त्याच्या ताटात भाजी वाढायची.

भैय्या शेडमध्ये यायचा तो बसायचा नाही, उभा राहून पायानं बॉक्स ढकलून बघायचा. "मेंढरं राखणाऱ्याला लाकूडकाम कुठनं आलं रं?" हे त्याचं बोलणं. दादा हसायचा. आमच्या घरात दादाला हसलेलं आईनं कधी सहन केलं नसतं, पण भैय्या आला की आई त्याला शेळीच्या दुधाचा चहा आणून द्यायची, कपबशीतून. भैय्यानं सांगितलेला बॉक्स मोठा होता, माझ्या कमरेएवढा. दादानं त्याच्यावर जीव ओतला. शेवटच्या बाजूची पाटी गोंदवून ठेवली होती, ती वाळायला वेळ पाहिजे होता. जत्रेच्या आदल्या सकाळीच भैय्या येऊन उभा राहिला, आत्ता पाहिजे म्हणाला. दादा म्हणाला, "भैय्या, उद्यापतुर ऱ्हाऊ द्या, सांधा ओला हाय." भैय्यानं त्याच्याकडे बघितलं नाही, गड्याला सांगून बॉक्स जीपमध्ये चढवला. मधला रस्ता सगळा खड्ड्यांचा. ओला सांधा त्या रस्त्यावर उघडला नसता तरच नवल.

जत्रेला आम्ही तिघंही गेलो. आई गावच्या बायकांबरोबर चुलीपाशी बसली, देवाच्या नैवेद्याच्या पुरणपोळ्या लाटायला. मटणाच्या चुली वेगळ्या, पलीकडे. मी नवं परकर-पोलकं घातलं होतं आणि कानामागे मशीन होतं. गाड्या मैदानात ओळीनं लावलेल्या. चुरशीआधी एकदा वाजवून बघायची मुभा असायची. भैय्याच्या जीपच्या टपावर थाळी ठेवली, काचा लावल्या, दादानं आवाज सोडला, आणि थाळी नुसती शहारली. भंडाऱ्याच्या ढिगाचा माथा तेवढा घसरला. बाजूच्या गाडीवाले हसले. भैय्यानं सगळ्यांदेखत दादाच्या कानाखाली वाजवली. दादाचं तोंड माझ्याकडे होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, तो नुसता माझ्याकडे बघत राहिला, आणि मला कळलं, आता माझं काम आहे.

मी जीपमध्ये शिरले. आवाज बारीक ठेवायला सांगितला आणि हात फिरवला. मागच्या खालच्या कोपऱ्यात, वर चिकटवलेल्या गालिच्याच्या आत, सांधा बोटभर उघडला होता. गालिचा मी फाडला. लांबी आणि गोंद घरी राहिलेलं, दादाच्या पिशवीत नुसता पाना. मग मलाच सुचलं. मी पळत आईकडे गेले, परातीतला कणकेचा मोठा गोळा उचलला, आई "सुमे, नैवेद्याची कणीक हाय ती" म्हणून ओरडली ते ऐकलं, तरी उचलला आणि जाऊन फटीत दाबून बसवला. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. बारीक आवाजात गोळा टिकला. दादानं आवाज वाढवला तसा आतल्या हवेनं तो पहिल्याच धक्क्याला बाहेर फेकला. परत बसवला, परत उडाला. कुणीतरी हातानं दाबून धरल्याशिवाय तो राहणार नव्हता, आणि दाबून धरायचा तर काचा लावून आत बसायला पाहिजे होतं.

दादा स्वतः बसला. काचा लावून आवाज पूर्ण सोडला तसा तो क्षणभरात दार ढकलून दोन्ही कान धरून बाहेर आला आणि चाकाशी ओकला. गड्यांपैकी कुणी तयार होईना. तेव्हा भैय्या हसला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "हिला बसवा की. हिला काय, भैरीच ती." सगळ्यांना ते पटलं. मी माणसांच्या तोंडांकडे एकेक करून बघितलं आणि सगळ्यांच्या तोंडावर तेच होतं, की अरे खरंच, हे आधी कसं सुचलं नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याला आवाजानं काय होणार, असा हा हिशोब. मी नाही म्हणाले. माझा आवाज मला नीट येत नाही, पण मी ओरडूनच म्हणाले असणार, कारण लोक मागे सरकले. मी दादाला म्हणाले, डॉक्टर काय म्हणाले होते, तूच सांगितलंस ना मला. दादानं मान खाली घातली. तो वळून आईकडे बघायला लागला.

आई चुलीपासून उठून आली होती. कोपरापर्यंत पीठ. तिनं भैय्याकडे बघितलं, दादाच्या गालावर उमटलेल्या बोटांकडे बघितलं. मग ती माझ्याजवळ आली आणि पिठाच्या हातानं माझ्या कानामागचं मशीन काढलं. मला वाटलं, मला घेऊन जाते आहे. तिनं मशीन पदराच्या टोकात बांधलं, गाठ नीट ओढून बघितली. मशीन खराब व्हायला नको ना. मग ती माझ्या उजव्या कानाला तोंड लावून म्हणाली, मशीनशिवायही मला यावं एवढ्या जाड आवाजात, "दोन मिनिटं बस. मरत न्हाईस तू."

मी बसले. कशी बसले ते मला अजून सांगता येत नाही. आईचं म्हणणं मोडायची मला सवय नव्हती, एवढंच असेल. मी कणीक फटीत दाबली, वर मूठ धरली. भैय्यानं मागचं दार लावलं आणि ते घट्ट राहावं म्हणून त्याला पाठ टेकून उभा राहिला. मग आवाज सुटला. तो आवाज नव्हता. छातीचा पिंजरा कुणीतरी आतून धरून हलवत होतं, दात एकमेकांवर वाजत होते, डोळ्यांसमोरचं सगळं दुहेरी झालं. उजव्या कानात आधी ते सगळं भरून आलं आणि मग आत काहीतरी गरम झालं, आणि दुखलं, इतकं की मी डाव्या हातानं काचेवर धपाधपा मारायला लागले. आई काचेच्या पलीकडेच होती. हातभर अंतरावर. तिनं मला बघितलं. तिनं तळहात वर करून मला थांब म्हणून खूण केली आणि मान वर करून टपावरच्या थाळीकडे बघायला लागली.

मूठ काढली असती तर कणीक उडाली असती, थाळी तशीच राहिली असती आणि दादाला परत मार बसला असता, हे मला त्या हालतीतही कळत होतं. मी मूठ काढली नाही. माझी मूठ, माझी कणीक. मग काचेवरून पिवळं ओघळायला लागलं. भंडारा चारी काचांवरून खाली येत होता, पिवळ्याच्या आड आईचं तोंड दिसेनासं झालं. गाणं कुठं संपलं ते मला कळलं नाही. दार उघडलं तेव्हा बाहेर सगळे पिवळे झाले होते, नाचत होते, दादाला खांद्यावर घेतलं होतं. ढोल गळ्यात घातलेला माणूस माझ्या पुढ्यात जोरजोरानं ढोल बडवत होता. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. मला वाटलं, तो गंमत करतो आहे, नुसते हात हलवतो आहे.

घरी आल्यावर दुसऱ्या सकाळी मी परसात भांडी घासत होते. मालगाडी आली, भुईतून आली, पायांतून वर आली आणि कानापर्यंत आलीच नाही. मी हातातलं भांडं ठेवून पुढच्या गाडीची वाट बघत बसले. तेवढ्यात पाठीत काहीतरी जोरात लागलं. वळून बघितलं तर तांब्या घरंगळत होता आणि आई दारात उभी. तिचे ओठ हलत होते. "कवाधरनं हाक मारतीया, ऐकून न ऐकल्यावानी करतीस? नखरं करतीस?" मी तिच्या ओठांकडे बघत राहिले. घोगरा आवाज नव्हता. नुसतं तोंड होतं, शेजारच्या बायकांच्या तोंडासारखं. मी म्हणाले, आई, ऐकू येत नाही. ती परत काहीतरी म्हणाली. मी परत म्हणाले. मग तिनं पदराची गाठ सोडली, मशीन काढलं, माझ्या कानामागे लावलं, त्याचं बटण पुढे सरकवलं, अजून पुढे सरकवलं, आणि माझ्या मागे गेली. माझ्या मागे ती किती वेळ हाका मारत होती मला माहीत नाही. मी वळले तेव्हा तिचं तोंड उघडंच होतं. त्यानंतर ती आत गेली आणि भाकऱ्या थापायला बसली. या गोष्टीबद्दल ती माझ्याशी किंवा कुणाशीही एक शब्द बोलली नाही, आणि पुढे पुढे तर माझा जन्मच तसा झाला होता असं तिनं ठरवून टाकलं. मशीन अजून माझ्या कपाटात आहे. डॉक्टर म्हणाले होते तसंच, नुसतं प्लास्टिक.

दादाचं भलं झालं. गाड्या शेडपाशी लागल्या, मग शेड गेली आणि शिरूरला पुढून काचा लावलेलं दुकान आलं, वर घर. त्यानं मला शिवणयंत्र घेऊन दिलं, त्याच्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांचे सीट कव्हर मी इथं बसून शिवते. माझं लग्न झालं नाही, दादाचं झालं. सून आली तशी आई इथं माझ्याकडे राहिली, कारण सुनेशी तिचं पटलं नाही आणि माझ्याशी पटायचा प्रश्नच नव्हता. मागच्या वर्षी ती न्हाणीत पडली, मांडीचं हाड मोडलं, आता खाटेवर आहे. हाक मारते आणि मला कळत नाही. अंथरूण ओलं होऊन पडून राहायची, मी यंत्रावर बसलेली. शेजारणीनं दादाला फोन करून सांगितलं.

दादा आला तो गाडीत एक लहान बॉक्स घेऊन आला. केस पांढरे झालेत, हात तेच आहेत. तो आधी माझ्यासमोर आला, तोंड उजेडाकडे केलं आणि म्हणाला, "म्या सोता केलाय. एक बी सांधा गळत न्हाई. हात लावून बघ." मी हात लावला नाही. त्यानं आईच्या उशाशी माईक बांधला, त्याची वायर माझ्या शिवणयंत्राच्या खालपर्यंत आणली आणि बॉक्स माझ्या पायांशी ठेवला. आई माईकमध्ये बोलली की बॉक्स धडकतो आणि ते माझ्या तळपायांत येतं. आईचा आवाज जाड, त्यामुळे अगदी छान येतं. सु, मे. दोन ठोके. पहिल्यांदा ते आलं तेव्हा मी शिवण सोडून यंत्रावर डोकं टेकलं आणि रडले, हे दादानं बघितलं आणि त्याला वाटलं, बहीण खूश झाली. जाताना तो माझ्या पाया पडला. मोठा भाऊ धाकट्या बहिणीच्या पाया पडत नाही, पण पडला. मी त्याला उठवलं नाही, तो आपणहून उठला.

आई आता दिवसभर हाक मारते. इतक्या वर्षांच्या बाकी राहिलेल्या सगळ्या हाका ती आता मारून घेते असं वाटतं. मी जाते, पाणी देते, कूस बदलते, भाकरी दुधात कुस्करून भरवते. माझ्या हातून तिचं काही कमी होत नाही, कुणालाही विचारा. फक्त एक आहे. कधी कधी सु, मे असे दोन ठोके तळपायांत येतात, परत येतात, घाईनं येतात, आणि मी शिवणयंत्र थांबवून उठते, दारात जाऊन उभी राहते, आत जात नाही. आई माझ्याकडे बघते. तिच्या ओठांवर "पानी" असतं. मी तळहात वर करते आणि माझ्या त्या आवाजात, जो मला कधी कळला नाही, पण लोक सांगतात की जाड आहे, घोगरा आहे, हुबेहूब आईचा आहे, तिला म्हणते, "दोन मिनिटं थांब. मरत न्हाईस तू."